मुक्या पिल्लाचं घुंगरू

निळूने शैलेशच्या हातात दात रुतवले, तेव्हा घरात आवाज झाला तो फक्त शैलेशचा.

रविवारची दुपार होती. धुरपदाबाई ओट्याशी भाकरी भाजत होत्या. पुण्यातल्या लेकीच्या त्या बाराव्या मजल्यावरच्या घरात परात ठेवायलाही धड जागा नव्हती, पण जावयाला त्यांच्या हातची ज्वारीची भाकरी आवडायची, म्हणून गावाहून आल्या की त्या करायच्या. बाहेरच्या खोलीत भिंतीवरच्या यंत्रातून ठरल्या वेळी निळूच्या वाटीत गोळ्यांचं खाद्य पडलं, त्याचा खडखडाट त्यांनी ऐकला. मग शैलेशचं बोलणं ऐकलं.

"अरे, सरक की जरा. वाटीखाली माझा चष्मा गेलाय."

आणि लगेच किंकाळी.

त्या तशाच धावल्या. शैलेश गुडघ्यांवर कोसळला होता. त्याचा उजवा हात निळूच्या जबड्यात होता आणि तो उंच, सडपातळ, राखाडी कारवानी कुत्रा मान डावीउजवीकडे हिसडत होता, पकडलेला ससा हिसडावा तसा. पांढऱ्या फरशीवर रक्ताचे फराटे उठत होते. शैलेश दुसऱ्या हाताने त्याच्या तोंडावर बुक्के घालत होता आणि अडकलेला हात मागे खेचत होता.

"ओढू नका, जावईबापू! ओढलं की मांस फाटतंय!"

धुरपदाबाईंचं वय सत्तरीच्या पुढे गेलेलं, पण अंगाला सवय जुनी होती. त्या निळूच्या पाठीवर स्वार झाल्या, दोन्ही गुडघ्यांत त्याच्या बरगड्या आवळल्या, गळ्यातला पट्टा मागून धरून पिळला. हातात उलथनं होतं. त्याचा दांडा त्यांनी दाढांच्या मागे सारला आणि फिरवला. श्वास कोंडला तसा जबडा हळूहळू सैल पडला. शैलेशचा हात बाहेर आला. करंगळी नुसत्या कातडीवर लोंबत होती.

निळूला फरफटत नेऊन त्यांनी न्हाणीघरात कोंडलं. पदर फाडून जावयाचा हात आवळून बांधला, शेजारणीला हाका मारल्या, गाडी मागवली. ओट्यावर तव्यावरची भाकरी जळून काळी झाली होती. ती खाली उतरवताना त्यांच्या लक्षात आलं.

कुत्रा गुरगुरला नव्हता. चावण्याआधी नाही, चावताना नाही. आताही न्हाणीघराच्या दारामागून ना खरवडणं, ना कुंईकुंई.

अशी शांतता त्यांनी आयुष्यात एकदाच ऐकली होती. तिला पस्तीस वर्षं झाली होती.

*

लातूरकडच्या हारंगवाडीत गडद्यांचं घर तीन पिढ्या कारवानी कुत्री सांभाळून होतं. धुरपदाबाईंना वंशावळ तोंडपाठ होती. चित्तीची बिजली, बिजलीची शेवरी, शेवरीची गुंगी. कोणत्या कुत्रीला कोणत्या साली किती पिल्लं झाली, त्यातलं कोणतं कुठल्या गावी गेलं, त्याला तिथे कुणी भाकरी घातली, हे त्या अजूनही न अडखळता सांगत.

त्यांचे वडील दगडूबा, घरचे आबा, पिल्लू मागायला आलेल्याला आधी खाटेवर बसवत आणि प्रश्न विचारत. रान किती? कुत्रं पळणार कुठं? भाकर कोण घालणार, तू का तुझी बायको? बायको घालणार असेल तर "मग तिला घिऊन ये" म्हणून माघारी धाडत. पिल्लाची आई दाखवत, तिला हात लावू देत. कुत्रीला दोन वेतांत वर्ष-दीड वर्ष तरी विसावा देत. आणि एक गोष्ट बजावून सांगत, "न्हाई जमलं तर रानात सोडू नको. माझ्या दारात आणून सोड. कधी बी आण."

पण खरी परीक्षा चाळिसाव्या दिवशी असे. तिला वाटी ओढणं म्हणत. नेणाऱ्याने स्वतःच्या हाताने दुधात भाकरी कुस्करून वाटी पिल्लापुढे ठेवायची. पिल्लू खायला लागलं की वाटी चार बोटं मागे ओढायची. एवढंसं ते पिल्लू पाठ ताठ करून गुरगुरायचं. मग वाटी पुन्हा पुढे सारायची. गुरगुर थांबवून ते खायला लागलं, की दगडूबा म्हणायचे, "बोल दिला. ने आता."

गुरगुरण्याला त्या घरात बोल म्हणत. कुत्र्याने बोल दिला, म्हणजे सांगितलं की इथवर ये, पुढं येऊ नको. क्वचित एखादं पिल्लू बोल द्यायचं नाही. ते मुकं. वाटी ओढली तरी गप्प राहायचं, मांडीवर झोपायचं, नेणाऱ्याला नेमकं तेच आवडायचं. दगडूबा ते कुणाला देत नसत. मुकं पिल्लू घरातच राहायचं, कोपऱ्यात एकटं जेवायचं आणि त्याच्या गळ्यात जन्मभर घुंगरू असायचं. जेवताना मान हलते, घुंगरू वाजतं. कुत्र्याच्या मनात काही आलं की त्याचा घास थांबतो, मान थिजते, घुंगरू बंद पडतं.

"घुंगरू थांबलं की हात काढायचा," दगडूबा लेकीला सांगायचे. "त्याला बोलता येत न्हाई, तर आपण ऐकायचं."

गुंगी तशी मुकी होती.

*

धुरपदाबाईंची लेक पौर्णिमा, घरची पुनी, गुंगीच्या पोटावर डोकं ठेवून अभ्यास करत मोठी झाली आणि जनावरांची डॉक्टर झाली. कॉलेजात असताना सुट्टीत येऊन तिने म्हाताऱ्या गुंगीच्या रक्ताचा नमुना नेला होता. त्याच नमुन्यातून पुढे तिने शोध लावला.

कुत्र्याला राग आला किंवा भीती वाटली, की मेंदूच्या देठाजवळचा पेशींचा एक छोटा पुंजका जागा होतो. तो गळ्याला सांगतो गुरगुर, ओठांना सांगतो दात दाखव, पाठीवरच्या केसांना सांगतो उभे राहा. गुंगीमध्ये या पुंजक्याला जागं करणारं जनुक जन्मतःच बंद होतं. पुनीने जनुकीय कात्री वापरून तेच जनुक दुसऱ्या भ्रूणांमध्ये बंद केलं. जन्मलेली कुत्री भुंकत नव्हती, गुरगुरत नव्हती, कुणावर दात विचकत नव्हती. निळू त्यांतलाच एक.

शहरांना हेच हवं होतं. इमारती उंच झाल्या होत्या, भिंती पातळ झाल्या होत्या आणि कुत्र्यांच्या आवाजावरून शेजारी कोर्टात जात होते. कुणाल दरेकर नावाच्या माणसाने पुनीला घेऊन कंपनी काढली, 'निवांत'. कंपनीच्या चाचण्यांत कुत्र्यांच्या पट्ट्यातले मायक्रोफोन आणि समोरचे कॅमेरे गुरगुर, वर गेलेले ओठ, उभे राहिलेले केस मोजत आणि त्यातून एक आकडा काढत. त्याला रागांक म्हणत. साध्या कुत्र्याचा रागांक वाटी ओढताच चाळीसवर जाई. निवांत कुत्र्याचा शून्यावरून हलत नसे.

राग मोजतोय असं सगळ्यांना वाटत होतं. मोजला जात होता तो बोल. आणि बोल तर कात्रीने आधीच कापलेला होता.

*

शैलेशच्या हातावर चार तास शस्त्रक्रिया चालली. करंगळी गेली. दवाखान्याच्या बाकावर पुनी आईशेजारी येऊन बसली.

"तू त्याला काही वेगळं खायला घातलंस का, माय?"

"मी कशाला घालू? तुझं यंत्र घालतंय की. त्या कुत्र्याला ह्या घरातला एक बी हात ठाऊक न्हाई. वाटी ठाऊक हाय."

"पट्ट्यातली नोंद बघितली मी. चावताना रागांक शून्य होता. म्हणजे तो रागावला नव्हता. खेळता खेळता लागलं असणार."

"खेळता खेळता?" धुरपदाबाईंनी मान वळवली. "बोट तुटलंय तुझ्या नवऱ्याचं, पुनी."

"शैलेशने वाटीला हात लावला."

"वाटीला हात लावल्यावर कुत्रं गुरगुरतंय. बोट तोडत न्हाई."

पुनीने डोळे चोळले. "शनिवारी मोठा कार्यक्रम आहे. दोनशे बारा पिल्लं घरोघर जाणार आहेत. सगळ्या घरांत लहान मुलं आहेत. माझी सही झाल्याशिवाय एकही जात नाही."

"मग करू नको सही."

"कशाच्या जोरावर? एका अपघाताच्या? माय, हे गुंगीचं रक्त आहे. तुझ्या माझ्या गुंगीचं. पंधरा वर्षं जगली ती. कधी कुणाला चावली का? सांग ना. एकदा तरी?"

धुरपदाबाईंचा उजवा हात आपसूक डाव्या बाहीकडे गेला. कोपरापासून मनगटापर्यंत तिथे दोरखंडासारखे वळ होते. सगळ्या गावाला ते ठाऊक होते. कडबाकुट्टीत, वैरण कापायच्या यंत्रात, हात गेला होता म्हणून.

त्यांनी हात पदराखाली घेतला.

*

तेव्हा पुनी सहा वर्षांची होती. गुंगीला चार पिल्लं झाली होती आणि दुसऱ्या दिवशी कोल्हापूरकडचे लोक कुत्री बघायला येणार होते. दगडूबा जाऊन वर्ष झालं होतं. बाळंतीण कुत्रीच्या गळ्याला घुंगराची दोरी काचत होती, कातडी लाल झाली होती. धुरपदाबाईंना दया आली. त्यांनी घुंगरू सोडून खुंटीला टांगलं, भाकरी कुस्करून वाटी पुढे ठेवली. एक पिल्लू वाटीच्या कडेखाली चेंगरत होतं म्हणून हात घातला.

गुंगीने हाडापर्यंत चावा घेतला. सोडला, वर धरला, पुन्हा घेतला. बोल नाही, काही नाही. कुत्रीचे डोळे त्यांच्या डोळ्यांना भिडलेले, आणि कानावर येत होता फक्त ओलं कापड फाटावं तसा आवाज. घरजावई होऊन राहिलेला नवरा संभा धावत आला. त्याने पट्टा पिळून जबडा सोडवला आणि कोपऱ्यातली कुऱ्हाड उचलली. धुरपदाबाई रक्ताळलेल्या हाताने कुत्रीवर आडव्या पडल्या.

"मारलीत तर का मारली सांगावं लागंल! चावऱ्या घरातलं पिल्लू कोण नेणार हाय मग? आबाचं नाव बुडंल!"

"मग हाताचं काय सांगणार हाईस?"

"कडबाकुट्टी म्हणा."

संभाने कुऱ्हाड टाकली. दवाखान्यात जाण्याआधी धुरपदाबाईंनी स्वतः कडबाकुट्टीच्या पात्याला आपलं रक्त फासलं. पुढच्या तीस वर्षांत त्यांनी ती गोष्ट इतक्या वेळा सांगितली, की पेंढी कितवी होती, संभाने चाक उलटं कसं फिरवलं, पात्यातून हात कसा सोडवला, हे सगळं त्यांच्याच डोळ्यांपुढे दिसायला लागलं. पुनीला तर त्यांनी पात्यावरचा डाग दाखवला होता. "यंत्रापाशी जाऊ नको गं, बाई," असं म्हणून.

*

बुधवारी त्यांनी लेकीला सगळं सांगितलं. शैलेश आत झोपला होता. पुनी ऐकत असताना आधी हसली, मग तिचा चेहरा आवळत गेला.

"पातं तूच दाखवलंस मला. डाग दाखवलास."

"डाग माझ्याच रगताचा. मीच फासलेला."

"आणि आज, शनिवारच्या तोंडावर, तुला हे आठवलं? तुला माझं काम कधी पटलंच नाही, माय. कुत्री प्रयोगशाळेत जन्मतात म्हणून तू पहिल्या दिवसापासून नाक मुरडलंस."

"पटलं नसतं तर गुंगीचं रगत काढताना तिला धरून बसले असते का मी?"

"मग तेव्हा का नाही बोललीस?" पुनी ओरडली. "तेव्हा, माय! मी सुई घेऊन बसले होते. 'आपल्या घरातली सगळ्यात शांत कुत्री' असं म्हणाले होते. तू ऐकत होतीस."

धुरपदाबाईंनी मांडीवरचे हात बघितले. "गोड वाटलं मला ते," त्या म्हणाल्या. "तू आपल्या घराचं कौतुक करत होतीस. मला वाटलं, म्हातारी कुत्री, आज मरंल उद्या मरंल. कशाला उकरायचं?"

पुनी उठून गेली. संध्याकाळी तिने दरेकरला फोन केला, तो धुरपदाबाईंना दाराआडून ऐकू आला. दरेकरचा आवाज मोठा होता आणि समजुतीचा होता. "मॅडम, आजींच्या पस्तीस वर्षांपूर्वीच्या आठवणीवर दोनशे बारा घरं थांबवायची? त्याच आजी ज्यांनी तीस वर्षं दुसरीच गोष्ट सांगितली? मग यातली खरी कुठली?"

शुक्रवारी पुनीने सही केली.

*

शनिवारी सकाळी सभागृह गच्च भरलं होतं. मागच्या भिंतीशी जाळीच्या पेट्यांत दोनशे बारा पिल्लं होती आणि एकाचाही आवाज नव्हता. लोकांना त्याचंच कौतुक. धुरपदाबाईंना मंचावर खुर्ची होती. 'गडदे घराण्याची परंपरा' म्हणून कंपनी त्यांचा सत्कार करणार होती. यायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं, पण मग वाटलं, पिल्लं नेणारी माणसं एकदा बघून तरी घ्यावीत.

प्रमुख पाहुणे दोन तास उशिरा आले. दरेकरने धुरपदाबाईंना शाल पांघरली, वाकून नमस्कार केला आणि हातातला माइक तोंडाशी नेला. "आजींच्या अंगणात पिल्लू देण्याआधी वाटी ओढायची पद्धत होती. तीच पद्धत आम्ही आज इथे पाळणार आहोत. फरक एवढाच, की आमचा कुत्रा गुरगुरणार नाही!"

लोक हसले. टाळ्या वाजल्या. आबांची परीक्षा या माणसाने उलटी करून ठेवली होती. जे पिल्लू नापास व्हायचं, तेच पास.

मंचावर भीम आला. निळूचा सख्खा भाऊ, तीन वर्षांचा, तसाच राखाडी. असल्या कार्यक्रमांआधी तासभर त्याला पोटभर खाऊ घालतात, असं पुनीनेच एकदा सांगितलं होतं. आज पाहुण्यांच्या उशिरामुळे तो तास केव्हाच उलटून गेला होता आणि त्याला पुन्हा भूक लागली असणार. त्याच्यापुढे वाटी ठेवली. मागच्या पडद्यावर हिरवा आकडा उमटला: शून्य. पिवळ्या फ्रॉकमधली सहा वर्षांची एक मुलगी, पिल्लू नेणाऱ्या एका घरातली, पायऱ्या चढून आली. तिची आई खालून मोबाइलमध्ये चित्रण करत होती.

"ओढ बेटा वाटी," दरेकर म्हणाला. "घाबरायचं नाही."

मुलगी वाकली. भीमचं तोंड वाटीत होतं. शेपूट हलत नव्हती, केस उभे नव्हते, ओठ जागच्या जागी होते. पण धुरपदाबाईंना दिसलं की त्याचा घास थांबलाय. जबडा हलायचा बंद झाला होता. मान थिजली होती.

गळ्यात घुंगरू असतं तर ते बंद पडलं असतं.

त्या कधी उठल्या ते त्यांनाही कळलं नाही. शाल पायात आली, खुर्ची कलंडली. भीमने वाटी सोडून मुलीच्या तोंडाकडे झेप घेतली आणि त्याच क्षणी धुरपदाबाईंनी तिला कमरेने लोटलं आणि मध्ये हात घातला. डावा. तोच.

जुन्या वळांवर नवे दात बसले. हाड मोडल्याचं त्यांना आधी ऐकू आलं, मग कळलं. दरेकरच्या हातातून पडलेला माइक फरशीवर त्यांच्या गुडघ्यापाशी घरंगळत आला होता. भीम मान हिसडत होता. त्यांच्या घशाशी किंकाळी आली, ती त्यांनी दात आवळून गिळली. आता आपण ओरडलो तर लोकांना आपलाच आवाज ऐकू येईल.

"ऐका," त्या माइककडे तोंड करून म्हणाल्या. "ऐका सगळी."

सभागृहभर माइकमधून आवाज घुमला. मांस फाटण्याचा, हाड घासल्याचा, म्हातारीच्या श्वासाचा. कुत्र्याचा आवाज नव्हता.

पुनी मंचावर झेपावली. ती बुक्के मारायला लागली, तशा धुरपदाबाई खेकसल्या, "मारू नको! पट्टा पिळ. तुला येतंय ते."

पुनीने दोन्ही हातांनी पट्टा पिळला. तिची बोटं पांढरी पडली, आईचं रक्त तिच्या मनगटांवरून कोपरांकडे ओघळत गेलं.

"वर बघ आता, पुनी. आकडा बघ."

पुनीने मान वर केली. पडद्यावर, दोन माणसं उंच, हिरवागार: शून्य.

जबडा सुटला. आणि सुटल्याबरोबर कुणीतरी लोखंडी स्टँड उचलून भीमच्या डोक्यात घातला. एकदा, दोनदा, मग आणखी कितीतरी वेळा. माणसं किंचाळत होती, शिव्या देत होती, खुर्च्या फेकत होती. भीम मरेपर्यंत गप्प होता. तो एकटाच.

*

हात कोपराखाली कापावा लागला. धुरपदाबाई शुद्धीवर आल्या तेव्हा पुनी पलंगाशी बसली होती. तिने आपली सही मागे घेतली होती, पोलिसांत दरेकरविरुद्ध आणि स्वतःविरुद्ध लिहून दिलं होतं. बातमी फुटल्यावर, आधी विकल्या गेलेल्या कुत्र्यांच्या घरांतून फोन यायला लागले होते. एकाने सांगितलं होतं की बायकोचा कान गेला, आम्ही काच लागली म्हणून सांगितलं. एकाने पोराच्या मांडीची जखम सायकलच्या साखळीवर ढकलली होती. लाज, कुत्र्याची माया, शेजाऱ्यांची भीती. प्रत्येक घरात एक कडबाकुट्टी होती.

"पिल्लं?" धुरपदाबाईंनी विचारलं.

"मारायचा हुकूम झालाय. कंपनीचे लोक पळाले. मीच देतेय इंजेक्शनं." पुनीचा आवाज सपाट होता. "एकशे एकोणनव्वद झाली. एक एक मांडीवर घेते. सुई टोचली तरी आवाज करत नाहीत गं. हात चाटतात. काल विसाव्या पेटीनंतर मी बाहेर जाऊन ओकले, आणि परत येऊन पुन्हा सुरू केलं."

"राहिली किती?"

"तेवीस. आणि निळू. शैलेश म्हणतो, त्याला मारू नकोस. त्याला सांगता आलं असतं, तर त्याने आधी सांगितलं असतं, असं म्हणतो."

दाराबाहेर कुणीतरी चाकांची खाट ढकलत नेली.

"गुंगी आपल्या घरची," धुरपदाबाई म्हणाल्या. "तिचं रगत आपल्या दारातून गेलं. न्हाई जमलं तर माझ्या दारात आणून सोड, असं आबा म्हणायचे. ते काय एकट्या पिल्लाबद्दल म्हणत न्हवते, त्याच्या रगताबद्दल बी म्हणत व्हते." त्यांनी उशीवरची मान वळवली. "सुई ठेव खाली. परवानगी काढ, वेत होणार न्हाई अशी शस्त्रक्रिया कर सगळ्यांची, आणि आण घरी."

"माय, चोवीस मुकी कुत्री!"

"मुकी हाईत. आपण बहिरे न्हाई."

परवानगी मिळायला पुनीला तीन महिने दारोदार फिरावं लागलं. भिंत किती उंच, जाळी किती जाड, हे सगळं लिहून द्यावं लागलं. मग ट्रक हारंगवाडीला आला.

*

आता गडद्यांच्या अंगणात चोवीस कप्पे आहेत, प्रत्येकाला वेगळी वाटी आणि वेगळं दार. यंत्र नाही. दुधात कुस्करलेली भाकरी हातानेच घालतात, रोज त्याच वेळी, त्याच हातांनी. सकाळी कुत्र्यांना रानात पळवून आणतात, तेही एकेकाला, तोंडाला मुसकी बांधून. गावातून कुणी बघायला आलं, तर धुरपदाबाई त्याला आधी खाटेवर बसवतात, पदर बाजूला करून थोटा हात दाखवतात आणि सांगतात, "हा कुत्र्यानं खाल्ला. कडबाकुट्टीनं न्हाई. आता पुढचं ऐक."

लातूरहून घुंगरं आली त्या दिवशी त्या ओसरीवर चोवीस दोऱ्या घेऊन बसल्या. मऊ सुताच्या, गळ्याला न काचणाऱ्या. एका हाताने दोरी गळ्याभोवती जात होती, पण गाठ बसत नव्हती. तीनदा सुटली. शेवटी पुनी समोर येऊन बसली आणि तिने गाठीवर बोट धरलं. तेव्हापासून आईने दोरी घ्यायची आणि लेकीने बोट धरायचं, असं करत दोघींनी चोवीस गळे पुरे केले. शेवटचा निळूचा.

मग पुनीने वाट्या भरल्या आणि एकेक दार उघडत गेली. कुत्री खायला लागली. अंगणभर बारीक किणकिण सुरू झाली, चोवीस घुंगरांची. ओसरीवर डोळे मिटून बसलेल्या धुरपदाबाईंना ती वेगवेगळी ऐकू येत होती. ही पांढऱ्या पायाची, ही तुटक्या कानाची, हा निळू.

पुनी निळूच्या कप्प्यात वाकली. वाटीशेजारी भाकरीचा तुकडा पडला होता, तो आत टाकायला तिने हात पुढे केला.

तेवीस घुंगरं वाजत होती.

धुरपदाबाईंनी डोळे उघडले. त्या काहीतरी म्हणणार, तोच त्यांना दिसलं की पुनीचा हात हवेत थांबलाय. तिने मान तिरपी केली होती, लहानपणी आजोबांचं ऐकताना करायची तशी. मग तिने हात मागे घेतला. एक पाऊल मागे सरली. आणखी एक.

आणि निळूचं घुंगरू पुन्हा वाजायला लागलं.